पिवळी पुडी

"म्याडम, बाजारात कुऱ्हाड निघाली."

फोन ठेवून बाबूलाल हवालदारानं एवढंच सांगितलं आणि तोंडातला तंबाखूचा खर्रा गालात सरकवला. सहायक पोलीस निरीक्षक रुचिका भुरे तेव्हा एकामागून एक शिंकत होती. धान कापणी सुरू झाली की अड्याळच्या हवेत कोंडा तरंगतो, आणि त्या दिवसांत तिचं नाक तिचं राहत नाही. बाबूलालनं मायेनं खिशातून ॲलर्जीची पिवळी गोळी काढून पुढं केली.

"ती नको," ती म्हणाली. "ती खाल्ली की मी जीपमध्ये घोरते. मागच्या वेळी सगळ्या बाजारानं पाहिलं."

एका हातात रुमाल आणि एका हातात काठी अशा थाटात ती निघाली. नवखा माणूस हसला असता. तिला ओळखणारे हसत नसत.

बाजारात मासे वाहायचा एक छोटा टेम्पो उभा होता. त्याची काच रस्ताभर सांडली होती. समोर कुऱ्हाड घेऊन धनीराम उभा होता, ढिवरटोलीचा, मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. टेम्पोखाली त्याचा जावई हेमराज अंग चोरून पडला होता.

"काका, कुऱ्हाड द्या."

"यानं माही पोरगी मारली," धनीराम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "पहाटे मेली. गोळ्या आणून देल्ल्या यानं आणि चौथ्या दिवशी रगत ओकून मेली. याले आता काहून जगू द्याचं?"

रुचिकानं कुऱ्हाड काढून घेतली. त्यानं दिलीही.

"ठेवा तुमच्याजवळ," तो म्हणाला. "कुऱ्हाडी लय आहेत."

हेमराजला ठाण्यात आणून बसवलं. धनीराम मागोमाग चालत आला आणि ठाण्यासमोरच्या चिंचेखाली बसला. आत बसलेल्याला कधीतरी बाहेर यावंच लागणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. काच फोडल्याबद्दल त्याला कोठडीत टाकता आलं असतं. पण लेकीची माती व्हायची असताना बापाला गजाआड बसवायला रुचिकाचं मन होईना. आणि असा किती दिवस बसवणार? सुटल्यावर तो पुन्हा इथंच आला असता.

म्हणजे काम सरळ होतं. नंदिनीला कोणी मारलं हे आजच्या आज शोधायचं. नाहीतर उद्या दोन मढी आणि एक फाशीचा कैदी.

नंदिनी चोवीस वर्षांची. तिच्या रक्तातल्या पेशी कमी व्हायच्या, त्या पेशी ज्या वाहतं रक्त थांबवतात. नागपूरच्या डॉक्टरांकडे इलाज चालू होता. जपून राहिलं तर माणूस म्हातारं होईपर्यंत जगतो, असं त्यांनी सांगितलं होतं. पण आजाराचं कळलं तसं दिघोरीच्या सासूनं तिला माहेरी धाडलं आणि हेमराज तोंड मिटून पाहत राहिला. पुढं त्याला अक्कल आली, न्यायला आला, तर धनीरामनं दारातून हाकलला. सहा महिने हेच चाललं होतं. या दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, सगळ्यांचे जावई आले, म्हणून हाही आला.

"गोळ्या तू आणल्या?" रुचिकानं विचारलं.

"हो म्याडम. पवनीहून." हेमराज दाराकडं पाहत बोलत होता. "धानाच्या दिवसांत तिच्या अंगावर गांध्या येतात. खाजवून खाजवून जीव जाते. डॉक्टरनं तिच्यासाठी एकच गोळी सांगतली होती. तीच आणली."

"तीच कशावरून?"

"तिनंच शिकवलं मले. वरचं नाव नाही पाहाचं म्हणे, पोटातलं पाहाचं. मागं एकच औषध लिहून असलं तर घ्याची. नावाले प्लस, कोल्ड असं शेपूट असलं तर ठेवून द्याची. त्या शेपटात अंगदुखीचं औषध राहू शकते. लोकाइले त्यानं बरं वाटते. तिच्यासाठी ते जहर."

"तिनं तुझ्यासमोर गोळी खाल्ली?"

"नाही. मी पाकीट देल्लं आणि मामंजीनं मले हाकललं."

जिल्हा रुग्णालयाच्या डॉक्टरांना फोन लावला. ते थकलेले होते, पण स्पष्ट बोलले. पोटात रक्तस्राव, मग मेंदूत. पेशी कमी असल्या तर आपोआपही होतो. पण पोटाची अवस्था पाहता काही दिवस तीव्र वेदनाशामक गोळ्या पोटात गेलेल्या दिसतात. साधी ॲलर्जीची गोळी असं करत नाही. घरचे मात्र शपथेवर सांगतात की अंगदुखीची एकही गोळी दिली नाही. व्हिसेरा नागपूरला जाईल, अहवाल यायला वेळ लागेल.

रुचिकानं खिडकीतून चिंचेकडे पाहिलं. अहवालाला वेळ होता. धनीरामला नव्हता.

ढिवरटोली तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आहे. वाळत घातलेली जाळी, पालथे डोंगे, आणि त्या दिवशी दारादारात गप्प बसलेल्या बाया. नंदिनीची आई सखाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती.

"मावशी, तिनं अंगदुखीची गोळी खाल्ली होती का?"

"नाही बाई. ते तर ती घरातबी येऊ देत नव्हती. खाजेची पुडी तेवढी खाल्ली."

"पुडी? हेमराजनं तर पाकीट आणलं होतं."

"ते बापानं तलावात फेकलं. त्या घरचं काही पोरीच्या पोटात नाही गेलं पायजे म्हणे."

"मग पुडी कोणाची?"

"मुन्नाची. माह्या भावाची."

टोलीतली रीत रुचिकाला ठाऊक होती. ढिवर दिवसभर छातीएवढ्या पाण्यात उभा राहतो. पाण्यानं अंग खाजतं आणि गारठ्यानं दुखतं. म्हणून गुलाबच्या किराणा दुकानात खाजेच्या गोळीची जोडीच मिळते: पिवळी खाजेसाठी, पांढरी दुखण्यासाठी. जोडी कुटायची, पुडी करायची आणि पाण्यात उतरायच्या आधी तोंडात टाकायची. टोलीत कोणीही खाजेची पुडी म्हटलं की दोन्ही आल्या.

"नंदिनीला हे माहीत नव्हतं?"

"तिले सगळं माहीत होतं," सखाबाई म्हणाली. "तिनं इचारलंच. मामा, यात पांढरी तर नाही ना? मुन्ना म्हणे, उघडून पाय बाई, पिवळीजरद आहे. एकबी पांढरी नाही. पोरीनं उघडून पायली, पिवळीच होती. मंग तो पाया पडला तिच्या. दर खेपेले पडे."

झाडीपट्टीत मामा भाचीच्या पाया पडतो. वयानं कितीही मोठा असो. भाचीला जपणं म्हणजे देव जपणं. त्या मामाच्या हातची पुडी कोण नाकारणार?

"पुडी खाल्ल्यावर झोप लागायची तिला?"

"कुठची झोप? रातभर खाजवे. पुडी खाल्ली का गांध्या अजून वाढत. म्हणून मुन्नानं दोनाच्या तीन केल्या."

रुचिकानं नाक शिंकरलं आणि नंदिनीचं अंथरूण पाहिलं. उशीखाली दोन पुड्या उरल्या होत्या. बोटाच्या पेराएवढ्या, पन्नीच्या म्हणजे पातळ प्लास्टिकच्या, चारी कडा आचेवर धरून चिकटवलेल्या. मासळीच्या डब्यात ठेवल्या तरी आत थेंब जाणार नाही अशा. एक तिनं तशीच पाकिटात घातली. दुसरी ब्लेडनं कापून कागदावर ओतली. पिवळी भुकटी, बारीक कुटलेली.

बाबूलालला धीर निघेना. त्यानं अंगठ्यानं भुकटी चाचपून पाहिली.

"पुराव्याला हात लावू नये हे तुम्हाला निवृत्तीनंतर शिकवू का?" रुचिका कडाडली.

बाबूलालनं हात मागं घेतला आणि ओशाळून अंगठा पँटला पुसणार, तेवढ्यात तिनं त्याचं मनगट धरलं. नुकताच चुना लावून खर्रा घोटलेला तो अंगठा. त्यावर लाल डाग पडला होता. तिनं तो डाग उजेडात धरून पाहिला.

"हात धुऊ नका," ती म्हणाली. "पाणीसुद्धा पिऊ नका त्या हातानं."

मुन्ना पाळीवर बसला होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा. डोळे सुजलेले. रुचिका दिसताच तो उठून उभा राहिला.

"पुड्या तुम्ही दिल्या?"

"हो म्याडम. गुलाबच्या दुकानातून आणल्या. त्याले सांगतलं, निस्त्या पिवळीच्या करून दे, पोरगी नाजूक आहे."

"कुटून त्यानं दिल्या?"

"कुटून, बांधून. त्यानं देल्ल्या तशाच नेऊन देल्ल्या. मी कायले हात लावू?"

"म्हणजे पांढरी मिसळली असेल तर गुलाबनं."

"असंलबी. दुकानदार माणूस आहे, त्याले काय फरक पडते." त्यानं डोळे पुसले. "पण खरं सांगू म्याडम? पुडीनं नाही गेली ती. हेमराजच्या गोळ्यांनी गेली. माह्या भाटव्यानं, धनीरामनं, पाकीट फेकाच्या आधी दोनचार खाल्ल्याच असन तिनं. नवऱ्याचं होतं ना. भाटव्याले मी तेच सांगतलं."

"तुम्ही सांगितलंत?"

"मंग कोण सांगन? तिचं माहेर म्हणजे मीच ना."

गुलाबच्या दुकानात तेल, तिखट, बिड्या आणि एका बरणीत गोळ्या. पोलीस पाहून गुलाबनं बरणी पायाशी सरकवली. उशीर झाला होता.

"डॉक्टर आहात?"

"नोहो म्याडम. लोकाइची सोय करतो."

"सोयीचं नंतर पाहू. पुडी कुटून देता?"

"कधीच नाही. गोळी जशीच्या तशी, कागदात गुंडाळून. कुटाचं ज्याचं त्यानं घरी. ढिवर माणूस पाण्यात जाते, त्याले कागद कशाले पुरते? तो घरी जाऊन पन्नीत भरते, दिव्यावर कडा चिकटवते. माचिसबी तशीच ठेवतात ते, बिडीबी."

"मुन्नानं काय नेलं?"

"पांढऱ्या. गोळ्यांचा अख्खा पत्ता. अंग लय दुखून राहिलं म्हणे. मंग अजून एक नेला."

"आणि पिवळ्या?"

"एकबी नाही."

एक म्हणतो निव्वळ पिवळ्या आणल्या, दुसरा म्हणतो निव्वळ पांढऱ्या दिल्या. दोघांपैकी एक खोटा. गुलाब परवान्याशिवाय गोळ्या विकणारा, आपली कातडी वाचवायला काहीही बोलेल असा. मुन्ना सख्खा मामा. कोर्टात कोणाचं खरं मानतील हे सांगायला नको.

परतताना रुचिका पाळीच्या उतारावर थांबली. रागात फेकलेली वस्तू लांब जात नाही, हे तिला नोकरीनं शिकवलं होतं. खाली बेशरमाच्या झुडपांचं रान माजलं होतं. बाबूलालला एक हात वर धरून त्यात शिरावं लागलं, आणि तो जे काही पुटपुटला ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण पाकीट सापडलं. पाण्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आतल्या पत्त्यातली एकही गोळी काढलेली नव्हती. मागं एकच औषध लिहिलेलं, शेपूट नाही. तशीच गोळी रुचिकाच्या पर्समध्ये होती.

नंदिनीनं नवऱ्याच्या गोळ्यांतली एकही खाल्ली नव्हती. खाल्ली असती तर आज ती ओसरीवर बसून टोलीतल्या भावजयांची थट्टा करत असती. रुचिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. कोणाचा तरी गळा धरावा असं तिला वाटलं, आणि कोणाचा ते आता तिला कळत होतं. फक्त तो माणूस हे सारं का करत होता आणि अजून काय करणार होता, ते पाहायचं होतं.

बाबूलालकडून तिला ढिवरटोलीची जुनी भानगड कळली. मग तिनं मुन्नाला पुन्हा गाठलं. एकट्याला.

"मुन्नाभाऊ, या घरात तुम्हीच शहाणे," ती हळू आवाजात म्हणाली. "हेमराजविरुद्ध माझ्याजवळ काही नाही. मागच्या दारानं सोडतेय त्याला. नहराच्या रस्त्यानं पायी दिघोरीकडं जाईल. धनीरामकाकांना कळता कामा नये. त्यांना सांभाळा."

"सांभाळतो म्याडम," मुन्ना म्हणाला.

हे तिनं दुसऱ्या कोणालाही सांगितलं नव्हतं. हेमराजलाही नाही.

ऊन उतरलं होतं. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलाच्या कठड्यावर रुचिका रुमाल नाकाला लावून बसली. फार बसावं लागलं नाही. धनीराम बांधावरून झपाझप आला. खांद्यावर कुऱ्हाड.

"कुठं आहे तो?"

"तो इथं नाही काका. तो जिल्ह्याला गेलाय, नंदिनीला घरी आणायला. इथून जाणार असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मुन्नानं."

"आणि ही कुऱ्हाड? तुमची तर माझ्याजवळ आहे."

धनीरामनं कुऱ्हाडीकडं असं पाहिलं, जणू ती त्याला आताच दिसली.

"त्याचीच आहे," तो म्हणाला. "धार लावून आणून देल्ली."

"चला घरी," रुचिका म्हणाली. "पोरीला कोणी मारलं ते सांगते. पण हात उचलायचा नाही. लेकीची शपथ घ्या."

त्यानं घेतली.

अंगणात सगळी टोली जमली होती. मुन्ना सखाबाईला खेटून बसला होता, तिच्या पाठीवर हात ठेवून. धनीराम रिकाम्या हातानं आणि पोलिसांबरोबर येताना पाहून त्याचा हात पाठीवरून निघाला.

रुचिका उभीच राहिली.

"आज सकाळपासून मला एक सोडून सगळ्यांनी खरंच सांगितलं," ती म्हणाली. "मावशी म्हणाली, अंगदुखीची गोळी दिली नाही. तिच्या लेखी खरं. हेमराज म्हणाला, बरोबर गोळी आणली. तेही खरं. हे पाकीट. बेशरमात पडलं होतं. एक गोळी कमी नाही. यातलं काही नंदिनीच्या पोटात गेलंच नाही. मग तिनं खाल्लं काय? पिवळी पुडी."

तिनं कागदावरची भुकटी अंगणात ठेवली. बाबूलालकडून चुन्याची डबी घेतली आणि बोटानं चुना भुकटीत कालवला. पिवळ्याचं लाल झालं.

"मावशी, हे काय?"

सखाबाई वाकली. घरोघरच्या बायांना जे लहानपणापासून ठाऊक असतं ते तिलाही होतं.

"हळद," ती म्हणाली. "चुन्यानं हळदच लाल होते."

"हळद. नंदिनी विचारणार, पांढरी तर नाही ना, हे देणाऱ्याला माहीत होतं. म्हणून पांढरी कुटून हळदीत माखली. पिवळी गोळी यात नव्हतीच. मला पहिला संशय तिथंच आला. मी रोज शिंकते, तरी पिवळी घेत नाही, कारण ती घेतली की माणूस पेंगतो. नंदिनीला मात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता. खाज थांबायच्या ऐवजी वाढत होती. पांढरीनं काहींच्या गांध्या आणखी भडकतात, आणि त्या भडकल्या की हा पुडी वाढवायचा."

मुन्ना जमिनीकडे पाहत होता.

"आता पुडी कोणी बांधली? मुन्ना म्हणतो, गुलाबनं बांधून दिली तशीच दिली. गुलाब कागदात देतो, अख्खी गोळी देतो. या पुड्या पन्नीच्या आहेत, कडा आचेवर चिकटवलेल्या. मला सांगा, अंथरुणावर कोरड्यात पडलेल्या पोरीची पुडी पाण्यापासून कोण जपेल? तिला काय तलावात उतरायचं होतं? गुलाब असं करणार नाही. हेमराज गाडी हाकतो, त्यालाही सुचणार नाही. पण जो जन्मभर पाण्यात उतरला त्याच्या हाताला दुसरी तऱ्हाच माहीत नाही. डोकं विष कालवत होतं आणि हात आपले सवयीनं कडा चिकटवत होते. मुन्ना, पुड्यांना हात लावला नाही म्हणालास. हात तुझाच लागलाय."

"टोलीत सगळेच असे बांधतात," मुन्ना म्हणाला.

"बांधतात. पण सगळ्यांच्या खलात हळद आणि पांढरी भुकटी नसते. तू भाटव्याला कुऱ्हाड द्यायला गेलास तेव्हा बाबूलाल पंच घेऊन तुझ्या घरात होता. खल मिळाला. मोकळे पत्तेही मिळाले, चुलीमागं. जाळायला वेळ मिळाला नाही तुला, कारण पुढचं काम बाकी होतं." ती धनीरामकडे वळली. "काका, तुम्हाला वाटतं त्यानं नंदिनीला मारलं. त्यानं तुम्हाला मारायला घेतलं होतं. आधी लेक. मग तुमच्याच हातून जावई. मग तुम्ही फाशीवर किंवा जेलात. हेमराजच्या गोळ्यांत विष आहे हे तुमच्या कानात कोणी घातलं? पाकीट फेकायला कोणी सांगितलं?"

धनीरामनं मुन्नाकडं पाहिलं.

"यानंच," तो म्हणाला. "मी फेकलं. म्या सोताच्या हातानं फेकलं."

तो खाली बसला. सहा महिने ज्या द्वेषाला त्यानं लेकराप्रमाणे पोसलं, त्यानंच त्याच्या लेकीच्या तोंडचं औषध काढून घेतलं होतं. मुन्नानं ती आग लावली नव्हती. त्यानं फक्त त्या आगीवर आपली भाकर भाजून घेतली.

मुन्नानं मान वर केली. आता त्याचे डोळे कोरडे होते.

"तुले खुशबू आठवते भाटव्या?" त्यानं विचारलं.

कोणाला आठवत नव्हती? मुन्नाची मुलगी, आठ वर्षांची. दोन वर्षांमागं मुन्नानं तलावात औषध टाकून मासे मारले आणि पकडला गेला. सोसायटीचं सगळं मासळीचं बीज मेलं. सगळ्यांना वाटलं धनीराम सख्ख्या साळ्याला सांभाळून घेईल. धनीरामनं त्याला वर्षभर पाण्यातून बाहेर काढलं, म्हणजे त्याची मासेमारी बंद केली. पोट भरायला मुन्ना बायकोपोरीला घेऊन तेलंगणात मिरची तोडायला गेला, आणि तिथल्या वावरातल्या झोपडीत खुशबू तापानं गेली.

"दवाखान्यात न्याले गाडी नव्हती," मुन्ना म्हणाला. "परक्याच्या वावरात गाडली पोरीले. तू तर हातबी नाही लावला. निस्ता ठरावावर अंगठा लावला आणि घरी जाऊन जेवला. मी परत आलो तं तू काय म्हणला? नियम सगळ्याइले सारखा. म्या तवाच ठरवलं. सारखाच करतो म्हटलं. लेकीच्या जागी लेक."

"नियम मी केला होता," धनीराम म्हणाला. "पोरीनं काय केलं होतं तुहं?"

"खुशबूनं काय केलं होतं?"

धनीराम उठला. बाबूलालनं मागून कव घातली, तरी म्हातारा आवरेना. मुन्ना जागचा हलला नाही. उलट त्यानं मान पुढं केली. त्याला तेच हवं होतं, हे रुचिकाच्या लक्षात आलं. अजूनही त्याचा डाव पुरा होऊ शकत होता. ती दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"शपथ घेतली आहे तुम्ही, काका."

"सोडा मले."

"बस खाली," सखाबाई म्हणाली.

नवऱ्याला ती कधी असं बोलली नव्हती. धनीराम थांबला.

ती उठून भावासमोर आली. रुचिकाकडं न पाहता तिनं विचारलं, "याले फाशी होईल काय, बाई?"

"ते कोर्ट ठरवेल. बहुतेक जन्मठेप होईल."

"तुमी फाशी नका मागजा. मी पाया पडतो, नका मागजा." तिनं मुन्नाच्या मनगटात बेड्या पडताना पाहिल्या. मग त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला. "मुन्ना, दर राखीले मी जेलात येईन. भंडाऱ्याले ठेवो का नागपूरले ठेवो. तुले टिळा लावीन, ओवाळीन, या हातावर राखी बांधीन. आणि दर साली इचारीन, मुन्ना, आज नंदिनी कितीची झाली असती? तुले सांगा लागन. सांगतल्याबिगर मी उठणार नाही."

मुन्ना हात सोडवून घ्यायला लागला. ती सोडेना.

"बाई, हे नको करजो," तो बहिणीला म्हणाला. खुशबूचं नाव घेताना न हललेला त्याचा आवाज आता फुटला. "मले भाटव्याच्या हाती दे. इथंच तोडू दे. पण हे नको."

"येईन," सखाबाई म्हणाली. "तू मरू नको म्हणून देवाले नवस बोलीन, आणि येईन."